थोडेसे म्हातारपण, दोन अक्षरे

मराठी वृत्तपत्रांत येणारे नेहमीचे शब्दकोडे वाचकाच्या शब्दसंग्रहाची परीक्षा घेते. ‘कमळ’ एवढेच शोधसूत्र आणि पुढे तीन रिकाम्या चौकटी असल्या, तर पंकज, नलिनी, सरोज, अंबुज यांपैकी कोणताही शब्द तिथे बसू शकतो आणि नेमका कोणता हवा, हे छेदणारे उभे शब्द भरल्याशिवाय ठरत नाही. क्रिप्टिक, म्हणजे गूढ, शब्दकोड्याची रीत याच्या उलट असते. त्याचे शोधसूत्र वाचकाला जाणूनबुजून आडवाटेला नेते, पण उत्तर सापडल्यावर तेच का, दुसरे का नाही, याचा पुरावाही त्याच ओळीत हाती देते.

हा पुरावा शक्य होतो, कारण गूढ शोधसूत्रात एकाच उत्तराकडे नेणाऱ्या दोन वाटा असतात. एक म्हणजे व्याख्या, जी सूत्राच्या आरंभी किंवा शेवटी असते, आणि दुसरी म्हणजे घडण, जी उत्तरातील अक्षरे कशी जुळवायची हे सांगते. मुंबईच्या उपनगरांची नावे या कामी फार उपयोगी पडतात. ‘नदीकाठच्या पायऱ्यांवर टेकलेला हाताचा सांधा, मेट्रोचे शेवटचे स्थानक (५)’ हे सूत्र पाहिले, तर नदीकाठच्या पायऱ्या म्हणजे घाट, हाताचा सांधा म्हणजे कोपर आणि दोन्ही जोडले की घाटकोपर. कंसातला आकडा अक्षरांची संख्या सांगतो. घाटकोपर या नावाची व्युत्पत्ती काय आहे, याच्याशी या फोडीचा काहीही संबंध नाही, कारण कोडेकाराला शब्दाचा इतिहास नको असतो, त्याचे सुटे भाग हवे असतात. त्याहून धूर्त सूत्र मालाडचे होईल: ‘सामानाला विहिरीशी संधी मिळते ते उपनगर (३)’. माल आणि आड यांची जोडणी व्याकरणातल्या संधीनेच होते, अ आणि आ मिळून आ होतो, पण ओळ वाचताना ‘संधी’ हा शब्द व्यापारातल्या संधीसारखा भासतो. असा साळसूद वाटणारा पण प्रत्यक्षात हुकूम देणारा शब्द म्हणजे सूचक शब्द, आणि गूढ कोडे सोडवण्याचे निम्मे कौशल्य तो ओळखण्यात आहे.

आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्कच्या एका दैनिकात पहिले शब्दकोडे छापले, ते साध्या अर्थसूत्रांचेच होते. त्याला गूढ वळण इंग्लंडमध्ये १९२०च्या दशकात एडवर्ड पॉइस मॅथर्स याने दिले. त्याने टोपणनाव घेतले ते टॉर्केमाडा, म्हणजे स्पेनमधल्या धर्मन्यायपीठाच्या क्रूर प्रमुखाचे, आणि सोडवणाऱ्यांच्या मते ते यथार्थ होते. त्याच्यानंतर झिमेनेझ या नावाने कोडी रचणाऱ्या डी. एस. मॅकनट याने १९६६ साली पुस्तक लिहून या छळाला शिस्त लावली. सूत्र फसवे असावे, पण त्यातला प्रत्येक शब्द कामाचा असावा आणि सांगितलेली कृती तंतोतंत केली असता उत्तर मिळावे, हे त्या शिस्तीचे सार. भारतात हा प्रकार इंग्रजी दैनिकांबरोबर आला आणि येथे चांगलाच रुजला. चेन्नईच्या ‘द हिंदू’साठी सुरुवातीच्या काळात कोडी रचणारे रामदास कटारी हे भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख होते.

उत्तर सिद्ध करता आले पाहिजे, ही अट केवळ रसिकांची हौस नाही. तिच्यावरून मुंबई राज्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. आर. एम. डी. चमारबागवाला यांचे बंगळूरहून निघणारे ‘स्पोर्टिंग स्टार’ हे पत्र मुंबई राज्यातही खपत असे आणि त्यातून बक्षिसांची शब्दकोडी चालवली जात. राज्याने अशा स्पर्धांवर परवाना आणि कर लादल्यावर वाद उभा राहिला आणि १९५७ साली सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकाल राज्याच्या बाजूने दिला. या स्पर्धेत दोन पर्यायी शब्दांपैकी अधिक चपखल शब्द शोधून भागत नव्हते, तर आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळावे लागत होते. म्हणून ती कौशल्याची स्पर्धा नसून जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने ठरवले. दरम्यान १९५५ सालच्या केंद्रीय कायद्याने अशा स्पर्धांच्या बक्षिसांवर महिन्याला एक हजार रुपयांची मर्यादा घातलीच होती. मॅकनटच्या पुस्तकाआधी नऊ वर्षे भारतीय न्यायालयाने जवळपास त्याचाच निकष वापरला, हा योगायोग कोडेकारांनी मिरवावा असा आहे.

मराठीत गूढ शोधसूत्र रचताना पहिला प्रश्न येतो तो लिपीचा. इंग्रजीत एका चौकटीत एक वर्ण असतो, मराठीत मात्र व्यंजन, त्याचे जोडाक्षर आणि मात्रा मिळून होणारे अख्खे अक्षर. सात वर्णांचा इंग्रजी शब्द ५०४० प्रकारे उलटापालटा करता येतो, तर तीन अक्षरांच्या मराठी शब्दाला अवघ्या सहाच मांडण्या मिळतात. म्हणून ‘विस्कटलेले कमल माळ्याने आंब्यावर बांधले (३)’ हे सूत्र, ज्यात ‘विस्कटलेले’ हा सूचक शब्द आणि उत्तर ‘कलम’, दिसायला देखणे असले तरी फार वेळ टिकत नाही. लपवाछपवीचे सूत्र मराठीला अधिक मानवते. ‘परत रसद नेताना आत दडून बसलेले जनावर (३)’ हे वाक्य ऐकताना डोळ्यांपुढे वेढ्यातला किल्ला येतो, पण ‘परत रसद’ या दोन शब्दांच्या पोटातच तरस बसलेले असते. ‘चौसोपी घर उलटले, उजवा नव्हे तो (२)’ यात वाडा उलटून डावा मिळतो, आणि ही युक्ती नवख्यालाही पहिल्याच दिवशी जमते.

मराठीची खरी श्रीमंती दिसते ती दुहेरी व्याख्येच्या सूत्रांत, ज्यांत घडण नसतेच, केवळ दोन स्वतंत्र अर्थ शेजारी ठेवलेले असतात. ‘थोडेसे म्हातारपण (२)’ याचे उत्तर ‘जरा’. थोडेसे म्हणजे जरा, आणि म्हातारपण म्हणजेही जरा. हे दोन शब्द बोलताना कुणी गल्लत करत नाही, कारण पहिल्यातला ज दंततालव्य आणि दुसऱ्यातला तालव्य आहे. लिपी मात्र दोघांना एकच चिन्ह देते आणि कोडेकाराचे काम सोपे करते. इंग्रजीतली उच्चारसाम्याची सूत्रे मराठीत क्वचितच साधतात, पण त्यांच्या बदल्यात लेखनसाम्याची ही खाण मिळते.

याच लेखनाने अडचणही उभी केली आहे. दही आणि सर, म्हणजे शिक्षक, यांतून दहिसर घडवण्याचा मोह कोणालाही होईल, पण दही या शब्दातला ही दीर्घ आणि दहिसर मधला हि ऱ्हस्व असतो. चौकटीत अख्खे अक्षर बसत असल्याने छेदणाऱ्या उभ्या शब्दालाही तोच ऱ्हस्व हि लागतो, त्यामुळे ही तफावत दुर्लक्षून चालत नाही. काही जण एवढी सवलत क्षम्य मानतील, पण नियमाने चालणाऱ्या कोडेकाराने ती घेऊ नये, कारण सवलतीची गरजच नाही. ‘श्रीखंडाचे मूळ आखडून मास्तरांपुढे ठेवले, ते उपनगर (४)’ असे सूत्र केले की ‘आखडून’ हा शब्द दीर्घाचा ऱ्हस्व करण्याचा हुकूम देतो, ‘पुढे’ हा शब्द दहि आधी आणि सर नंतर असा क्रम लावतो, आणि श्रीखंडाचा विचार करणाऱ्या सोडवणाऱ्याला यांपैकी कशाचाही संशय येत नाही.