गोमांसाची चरबी (पाककला)

गोमांसाची चरबी म्हणजे गाय, बैल किंवा म्हैस यांच्या शरीरातील मेद कढवून मिळवलेला स्वयंपाकाचा स्निग्ध पदार्थ. शरीराच्या सर्व भागांतील चरबी सारखी नसते. गुर्द्याभोवती व पोटाच्या पोकळीत साठणारी चरबी सर्वांत घट्ट, कोरडी व ठिसूळ असते, आणि पाककलेत तिलाच अधिक मोल आहे. महाराष्ट्रात या चरबीचा वापर प्रामुख्याने दलित, मुस्लिम व ख्रिस्ती समाजांच्या स्वयंपाकात झाला. मुंबईच्या गिरणगावातील कामगार वस्त्यांत, विशेषतः वरळीच्या बीडीडी चाळींसारख्या ठिकाणी, खेड्यांतून आलेल्या कुटुंबांबरोबर तो शहरात आला. तेथे या चरबीचा इतिहास चवीइतकाच जात, प्रतिष्ठा आणि कायदा यांच्याशी जोडलेला आहे.

== नावे ==

बोलीभाषेत तिला नुसते ‘चरबी’ म्हणतात. गोमांस किंवा म्हशीचे मांस यांचा थेट उल्लेख टाळण्यासाठी ‘मोठ्याचे मटण’ असा शब्दप्रयोग मुंबईत व ग्रामीण महाराष्ट्रातही रूढ आहे. त्यावरून चरबीलाही ‘मोठ्याची चरबी’ म्हटले जाते. आयुर्वेदात ‘वसा’ ही तूप, तेल आणि मज्जा यांच्यासह चार मुख्य स्नेहांपैकी एक मानली आहे. त्यामुळे प्राणिज चरबी हा भारतीय परंपरेला परका पदार्थ होता, असे म्हणता येत नाही. मात्र कोणाची चरबी कोणी खावी, हा प्रश्न वेगळा आहे.

== गुणधर्म ==

कढवलेली चरबी खोलीच्या तापमानाला, मुंबईच्या उन्हाळ्यातही, घट्ट राहते. ती साधारण ४० ते ५० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते. तिच्यातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मी संपृक्त असतात. त्यांत पामिटिक व स्टिअरिक आम्लांचे प्रमाण मोठे असते. उरलेल्या भागात ओलेइक आम्ल प्रमुख असते. गुर्द्याभोवतीच्या चरबीत स्टिअरिक आम्ल अधिक असल्याने ती कातडीखालच्या चरबीपेक्षा कडक असते. १०० ग्रॅम शुद्ध चरबीतून सुमारे ९०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. नीट गाळलेली चरबी सुमारे २०० अंशांपर्यंत तापवली तरी जळत नाही, म्हणून ती तळणासाठी सोयीची ठरते.

चरबीचा रंग जनावराच्या आहारावर व जातीवर अवलंबून असतो. हिरव्या गवतावर चरणाऱ्या गाईबैलांच्या चरबीत गवतातील बीटा-कॅरोटिन साठते आणि ती पिवळसर दिसते. धान्य खाऊन वाढलेल्या जनावरांची चरबी फिकट असते. म्हैस मात्र कॅरोटिनचे रूपांतर ‘अ’ जीवनसत्त्वात करते. त्यामुळे ती कितीही गवत खावो, तिची चरबी तिच्या दुधाप्रमाणेच पांढरी राहते. गवतावर वाढलेल्या जनावरांच्या चरबीत ओमेगा-३ मेदाम्ले तुलनेने अधिक असतात; तरीही एकूण प्रमाण अल्पच असल्याने केवळ त्यासाठी चरबी खाण्यात फारसा अर्थ नाही.

‘गवतावर वाढलेले’ ही आज पाश्चात्त्य बाजारात महाग विकली जाणारी खूण आहे. महाराष्ट्राच्या खेड्यात दुसरा प्रकार जवळपास नव्हताच. गायरानावर चरणारी, कडब्यावर जगणारी आणि वर्षानुवर्षे नांगराला जुंपलेली जनावरे अंगाने सडसडीत असत. म्हाताऱ्या बैलाच्या गुर्द्याभोवती फारशी चरबी उरत नसे, आणि जी मिळे ती जपून वापरावी लागे.

== कढवण्याची व वापरण्याची पद्धत ==

चरबी कढवण्याची रीत लोणी कढवण्यासारखीच आहे. कच्च्या चरबीवरील पातळ पडदे व रक्ताच्या शिरा काढून तिचे बारीक तुकडे करतात. जाड बुडाच्या पातेल्यात थोडे पाणी घालून मंद आचेवर ठेवतात. पाण्यामुळे चरबी वितळण्यापूर्वी तळाला लागत नाही. पाणी आटेपर्यंत तडतड ऐकू येते. ती थांबली आणि तुकडे तांबूस होऊन वर तरंगू लागले की चरबी कापडातून गाळतात. तुपाखाली जशी बेरी उरते, तसे येथे कुरकुरीत तुकडे उरतात. ते मीठ-तिखट लावून भाकरीबरोबर खाल्ले जातात. आच मोठी ठेवली तर चरबी करपून उग्र वास येतो आणि तो पुढे जात नाही. पाण्याचा अंश न राहिलेली चरबी झाकणाच्या डब्यात बरेच दिवस टिकते.

या चरबीतील पदार्थ गरमच वाढावे लागतात. ताटात निवताच ती थिजते आणि टाळूला व बोटांना ओशट थर बसतो. लसूण, लाल मिरची, कांदा यांचा सढळ वापर आणि तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी यांमागे चवीबरोबर हेही व्यावहारिक कारण असावे.

चरबीशी सर्वांत जवळून निगडित पदार्थ म्हणजे चान्या. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून मीठ लावून उन्हात वाळवतात. एकदम मिळालेले भरपूर मांस पुढील महिन्यांसाठी राखण्याचा हा उपाय होता. चान्या निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून खातात. तेल विकत घेणे परवडत नसे, अशा घरांत चरबीच फोडणीचे काम करी. लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या या खाद्यसंस्कृतीची सविस्तर नोंद केली आहे. पुस्तकाचे शीर्षक जेवणापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या प्रसिद्ध श्लोकातील कल्पना उलटवते. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रानेही दलितांच्या अन्नविषयक आठवणींवर पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्यापूर्वीच्या मराठी पाककृतींच्या पुस्तकांत हा स्वयंपाक जवळपास दिसत नाही.

== भाजणीतील व उकडण्यातील वापर ==

इंग्लंडमध्ये गुर्द्याभोवतीची चरबी न कढवता, कच्चीच किसून पिठात मिसळतात. साधारणपणे दोन भाग पिठाला एक भाग चरबी, मीठ, फुगवणारी पूड आणि गार पाणी एवढ्यावर पीठ तयार होते. लोणी लवकर वितळते. ही चरबी मात्र पीठ शिजून घट्ट होऊ लागल्यावर वितळते आणि तिच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यामुळे तासन्‌तास वाफवलेले पुडिंगही हलके राहते. नाताळचे पारंपरिक पुडिंग याच चरबीवर आधारलेले आहे. १८९३ मध्ये मँचेस्टर येथे गॅब्रिएल ह्यूगॉन यांनी किसलेली तयार चरबी ‘अटोरा’ या नावाने विकण्यास सुरुवात केली. मराठी स्वयंपाकात भट्टीचा वापर घरोघरी नव्हता, त्यामुळे हा प्रकार येथे रुजला नाही. उकडीच्या पदार्थांची परंपरा मात्र कोकणात समृद्ध आहे. तेथे स्निग्धतेचे काम नारळ करतो.

== वरळीच्या बीडीडी चाळी ==

मुंबई प्रांताचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट’ स्थापन झाले. त्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग (तेव्हाचा डिलाईल रोड) व शिवडी येथे कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारतींपैकी १२१ वरळीत होत्या. तळमजला व तीन मजले, प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फूट आणि शौचालये सामाईक, अशी रचना होती. कोकण व देशावरून गिरण्यांत, गोदीत व नगरपालिकेत कामाला आलेली कुटुंबे येथे राहिली. काही इमारतींत बौद्ध वस्ती मोठी होती. जानेवारी १९७४ मधील वरळी दंगलीच्या काळात या चाळी दलित पँथरच्या इतिहासाशी जोडल्या गेल्या.

अशा खोलीत स्वयंपाकघर वेगळे नसे. स्टोव्ह किंवा शेगडी, मोरी आणि अंथरूण यांत काही हातांचेच अंतर असे, दारे सामाईक व्हरांड्यात उघडत. चरबी कढवण्याचा वास अख्ख्या मजल्याला कळतो. म्हणून घरात काय शिजते ही येथे कधीच पूर्णपणे खाजगी बाब नव्हती, आणि ‘मोठ्याचे’ यासारख्या आडवळणाच्या शब्दांची गरज समजते.

या संदर्भात एक विसंगती लक्षणीय आहे. सूतगिरण्यांत ताण्याला खळ लावताना धागा मऊ राहावा म्हणून खळीत जनावराची चरबी मिसळण्याची पद्धत होती. दुसरीकडे, धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने विटाळाच्या कारणावरून दलित कामगारांना विणकाम खात्यात येऊ दिले जात नसे. धाग्यातली चरबी चालत होती. तो धागा ओढणारा माणूस चालत नव्हता.

== मृतमांसाचा त्याग ==

गावगाड्यात मेलेली जनावरे ओढून नेणे हे महारांवर लादलेले काम होते, आणि त्या जनावराचे मांस व चरबी हा त्याचा मोबदला समजला जाई. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी गोमांसभक्षण व अस्पृश्यता यांचा ऐतिहासिक संबंध मांडला. १९५६ च्या धर्मांतरानंतर आणि १९५८ मध्ये कनिष्ठ गाववतने कायद्याने रद्द झाल्यानंतर ही प्रथा झपाट्याने ओसरली. मृतमांसाबरोबर अनेक घरांनी विकत घेतलेले मोठ्याचे मांसही सोडले. काहींनी ते परवडणारे अन्न म्हणून चालू ठेवले. पुढच्या पिढीतील काही लेखकांनी चान्या व चरबी यांच्याकडे लाज म्हणून न पाहता वारसा म्हणून पाहिले. या दोन्ही भूमिका एकाच समाजात आणि कित्येकदा एकाच घरात आढळतात.

== कायदा व सद्यस्थिती ==

महाराष्ट्र प्राणी रक्षण कायदा, १९७६ अन्वये राज्यात गोहत्येस बंदी होती. १९९५ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या सुधारणेला फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली; मात्र राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. त्यामुळे मुंबईत कायदेशीरपणे मिळणारी ‘मोठ्याची’ चरबी आता म्हशीची, म्हणजे पांढरी असते. केवळ रंगावरून प्राणी निश्चित करता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत डीएनए चाचणी करावी लागते.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झाले. म्हाडामार्फत बांधल्या जाणाऱ्या इमारतींत पात्र रहिवाशांना ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते. वरळीतील पहिल्या ५५६ सदनिकांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. या घरांत स्वयंपाकघराला स्वतंत्र भिंती आहेत.