डॉक्टर व्हायचंय? मग विचारायला शिका!

मुलांनो, ‘मोठेपणी कोण होणार?’ असं वर्गात विचारलं की बरेच हात भराभर वर येतात आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘डॉक्टर!’ कुणाला गळ्यातला स्टेथोस्कोप आवडतो, कुणाला आजीचे दुखरे गुडघे बरे करायचे असतात. छान! पण या वाटेबद्दल आपण बोलतो ते फक्त कॉलेजच्या फाटकापर्यंत. ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा, तिचे १८० प्रश्न, ७२० गुण, क्लास, सराव परीक्षा... निकाल लागला की चौकात अभिनंदनाचा फलक, हार, पेढे. आणि मग? फाटकाच्या आत काय असतं, हे कुणी फारसं सांगतच नाही.

चला तर, आज आपण आत डोकावून येऊ या. यंदा तुमच्या घरातल्या ताईला किंवा दादाला मेडिकलला प्रवेश मिळाला असेल, तर वाचून झाल्यावर हे पान त्यांच्याही हातात द्या.

सगळेच पहिले!

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा आणि त्यापुढे एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे रुग्णालयात प्रत्यक्ष काम. पहिल्या वर्षी तीन मोठे विषय असतात. शरीर कसं बनलंय ते सांगणारं शरीररचनाशास्त्र (अ‍ॅनाटॉमी), ते कसं चालतं ते सांगणारं शरीरक्रियाशास्त्र (फिजिऑलॉजी) आणि शरीरातल्या रसायनांचं जीवरसायनशास्त्र (बायोकेमिस्ट्री).

आता गंमत पाहा. एका वर्गात शंभर, दीडशे, कुठे कुठे अडीचशे मुलं. त्यातला जवळजवळ प्रत्येक जण आपापल्या शाळेतला हुशार! पण दीडशे जणांत पहिला नंबर एकाचाच येणार ना? उरलेल्या १४९ जणांपैकी पुष्कळांना आयुष्यात प्रथमच कळतं, की आपण मधले कुणीतरी आहोत. पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात. वाटू लागतं, ‘आपली निवड चुकूनच झाली बहुतेक.’ हे कुणाला सांगायची लाज वाटते. मग घरी फोनवर ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणायचं आणि खोलीत एकट्यानं कुढत बसायचं. शेजारच्या खोलीतला मुलगाही तेच करत असतो, पण हे दोघांना ठाऊक नसतं!

म्हणून मेडिकलची सगळ्यात मोठी तयारी कोणती, असं विचाराल तर मी सांगेन, ‘मला हे येत नाही, समजावून सांगाल का?’ हे वाक्य न लाजता म्हणता येणं. आम्ही प्राथमिक शिक्षक रोज पाहतो. पहिलीतली मुलं ‘बाई, हे असं का?’ विचारून भंडावून सोडतात. तीच मुलं पाचवीत जाईपर्यंत गप्प होतात. का? तर ‘चुकलं तर सगळे हसतील!’ वर गेलेला तो हात खाली येऊ देऊ नका. पुढे डॉक्टर झाल्यावर न विचारता अंदाजाने औषध दिलं, तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

वाटी, बेटकुळी आणि माकडहाड

‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला. तिथलं इंग्रजी मला झेपेल का?’ हा प्रश्न पुष्कळांना पडतो. नीट मराठीतून देता येते, पण कॉलेजातली नेहमीची पुस्तकं इंग्रजी. सुरुवातीला जड जातं, हे खोटं नाही. पण एक गुपित सांगू? शरीररचनेतले बहुतेक शब्द मुळात इंग्रजी नाहीतच. ते लॅटिन आणि ग्रीक भाषांतून आले आहेत. म्हणजे कॉन्व्हेंटमधल्या मुलांनाही ते तितकेच परके!

आणि अर्थ विचारला की परका शब्दही दोस्त होतो. गुडघ्यावरच्या हाडाला ‘पटेला’ म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहानसं पसरट भांडं. आपण काय म्हणतो? गुडघ्याची वाटी! स्नायूला ‘मसल’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा वाटला असेल. आपल्याला तिथे बेडूक दिसला, म्हणून आपण म्हणतो बेटकुळी. नडगीच्या हाडाचं नाव ‘टिबिया’, म्हणजे पावा. पाठीच्या कण्याचं शेवटचं टोक ‘कॉक्सिक्स’. ग्रीकांना ते कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याच्या चोचीसारखं वाटलं. आपण मात्र माकडाच्या शेपटीची आठवण ठेवून त्याला माकडहाड म्हटलं. रोज असे पाच शब्द अर्थासकट वहीत लिहिले, तर वर्षाअखेर केवढी पुंजी जमेल, तुम्हीच हिशेब करा.

शिवाय मराठी ही तुमची मोठी जमेची बाजू आहे, बरं का! सरकारी रुग्णालयात आलेले आजोबा ‘पोटात कळ येते’, ‘अंगात कसर आहे’, ‘पायाला मुंग्या येतात’ असंच सांगणार. दुसऱ्या राज्यातून आलेल्या मित्राला ते कळत नाही. तुम्ही त्याला मराठी शिकवा, त्याच्याकडून इंग्रजी वाक्यं शिका. दोघांचंही काम झालं!

न बोलणारे गुरू

डिसेक्शन हॉलची भीती अनेकांना वाटते. तिथे मृतदेहाच्या साह्याने शरीररचना शिकवतात. फॉर्मलिन नावाच्या रसायनाचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. पहिल्या दिवशी एखाद्याला चक्करही येते. तो काही भित्रेपणा नव्हे. सकाळी पोटभर खाऊन जावं आणि गरगरायला लागलं तर लगेच सरांना किंवा मॅडमना सांगून खाली बसावं. एवढं सोपं असतं ते.

आपल्यामागे विद्यार्थ्यांनी शिकावं म्हणून कितीतरी माणसं देहदान करतात. म्हणून त्या देहाला पहिला गुरू मानतात आणि अनेक कॉलेजांत काम सुरू करण्यापूर्वी विद्यार्थी आदर राखण्याची शपथ घेतात. तिथे थट्टामस्करी नाही, फोटो तर मुळीच नाहीत. १८३६ साली कलकत्त्यात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा समाजाचा केवढा विरोध होता! त्यांनी धीर केला आणि पुढच्यांची वाट मोकळी झाली.

पुस्तक मिटा!

माणसाच्या शरीरात २०६ हाडं. प्रत्येकाचे कंगोरे, खाचा, भोकं आणि तिथून जाणाऱ्या नसा. रात्रभर जागून घोकलं तर हे सारं चार दिवसांत पसार होतं. जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाऊस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं आपण सुरुवातीला फार झपाट्याने विसरतो. उपाय? थोड्या थोड्या दिवसांनी उजळणी.

पण उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. अमेरिकेतल्या रॉडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले! तेव्हा धडा वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. जे आठवलं नाही, तोच उद्या विचारायचा प्रश्न. ही युक्ती चौथीच्या परिसर अभ्यासालाही चालते हं!

आणि तास बुडवू नका. परीक्षेला बसण्यासाठी तासांना ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते.

होस्टेलची शिदोरी

होस्टेलवर आई नसते. आपले कपडे आपण धुणं, बटण टाकणं, वरणभाताचा कुकर लावणं, महिन्याचा खर्च वहीत मांडणं ही कामं सुट्टीतच शिकून घ्या. मुलींनी आणि मुलांनी, दोघांनीही! सामानात दोन पांढरे अ‍ॅप्रन, मजबूत कुलूप आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स असू द्या. जाडजूड पुस्तकं मात्र पहिल्याच दिवशी विकत घेऊ नका. ती ग्रंथालयात पाहा, वरच्या वर्गातल्यांना विचारा. हाडांचा संचही त्यांच्याकडून मिळू शकतो.

वरच्या वर्गातले बहुतेक जण मदतच करतात. पण कुणी ओळखीच्या नावाखाली अपमान केला, नको ते करायला लावलं, तर ते रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ सालापासून त्याविरुद्ध कायदा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. निमूटपणे सोसण्यात बहादुरी नाही. वॉर्डनना, डीनना, घरी सांगा. १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते. मन फारच उदास झालं, तर ‘टेलि मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीतूनही बोलता येतं.

आनंदीबाई जोशी १८८३ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, वैद्यक शिकायला एकट्या अमेरिकेला गेल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या जिद्दीची गोष्ट आपण नेहमी ऐकतो. पण तिथे त्यांना मायेचा आधार दिला तो थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. जिद्दीच्या माणसालाही एखादी मावशी लागतेच! परदेशात प्रकृती ढासळली आणि १८८७ साली, वयाची बावीस वर्षंही पुरी होण्याआधी, आनंदीबाई गेल्या. म्हणून झोप, जेवण आणि दुखण्याकडे लक्ष, यांत हयगय नको.

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलाचा फोन आला की ‘किती मार्क पडले?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘जेवलास का? मित्र कोण झाले? आज काय अवघड गेलं?’ असं विचारा. नापास झाल्याचं सांगायला मूल सगळ्यात आधी तुमच्याकडे आलं, तर तुम्ही जिंकलात असं समजा.

तर मुलांनो, या आठवड्याचा गृहपाठ! रोज वर्गात निदान एक प्रश्न हात वर करून विचारायचा आणि दुसरं कुणी विचारत असेल तर हसायचं नाही. जमेल ना?