जुन्या वस्त्रांचा दुर्गंध : आधी प्रक्षालन, मग धूपन

उचगावलगत गांधीनगरची घाऊक कापडपेठ असल्याने या परिसरात नव्या कापडाला तोटा नाही. तरीही नवजात बालकाची दुपटी, लंगोट व झबली बहुधा जुन्या, मऊ झालेल्या सुती साडीची वा धोतराचीच शिवली जातात. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ च्या महापुरांनंतर कोल्हापूर जिल्ह्यात मदत म्हणून वापरलेले कपडेही आले. अशा वस्त्रांचा वास जावा म्हणून औषधालयातून धूपनचूर्ण नेले जाते. परंतु न धुतलेल्या वस्त्राला धूप दिल्यास दुर्गंध केवळ झाकला जातो. त्याचे कारण वस्त्रातच राहते.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, बालकाच्या शय्या व प्रावरणांविषयी स्पष्ट निर्देश आहे. स्वेद, मल व जंतू यांनी दूषित वस्त्रे वर्ज्य होत. दुसरी मिळणे शक्य नसेल तरच तीच वस्त्रे उत्तम धुऊन, धूपित करून, शुद्ध व कोरडी असताना वापरावीत. यव, सर्षप, हिंगु, गुग्गुळ, वचा इत्यादी घृतयुक्त धूपनद्रव्ये त्यानंतर सांगितली आहेत. म्हणजे धूपन हा प्रक्षालनाचा पर्याय नव्हे.

कारणानुसार उपाय

घामाचा वास मुख्यतः जंतूंनी निर्माण केलेल्या मेदाम्लांचा असतो. धुण्याच्या सोड्याने या आम्लांचे पाण्यात विरघळणारे क्षार होतात. सुती वस्त्र, एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा या प्रमाणात, रात्रभर भिजवावे व साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळून काढावे. लोकर व रेशीम यांस सोडा अपायकारक आहे. त्यांना रिठ्याचे कोमट पाणी योग्य. पॉलिएस्टर तेलकट मळ घट्ट धरून ठेवते. ते एका धुण्यात क्वचितच निर्गंध होते.

अभ्यंगाच्या चादरींचा खवट वास हवेतील प्राणवायूने तेल बिघडल्यामुळे येतो. त्या त्याच दिवशी गरम पाणी व साबणाने धुवाव्यात. तेलकट कापडांचा ढीग, विशेषतः वाळवणी यंत्रातून काढलेला गरम ढीग, आतल्या आत तापून पेट घेऊ शकतो. जवसाच्या तेलात हा धोका सर्वाधिक.

कुबट वास बुरशीचा. सुती वस्त्र उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात पूर्ण वाळवावे. पांढऱ्या सुती कापडास ब्लीचिंग पावडर चालते. मात्र तिच्यात व्हिनेगर किंवा लिंबू कदापि मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डांबरगोळीविषयी सावधगिरी

ट्रंकेतून काढलेल्या वस्त्रांचा हा वास सर्वांत गंभीर. नॅफ्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एका धुण्याने ते जात नाही. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बालकांत अशा वस्त्रांमुळे रक्तकणांचा नाश होऊन तीव्र कावीळ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. नॅफ्थलीन तेलात विरघळते. त्यामुळे अभ्यंगानंतरच्या स्निग्ध त्वचेतून त्याचे शोषण वाढू शकते. वस्त्रे अनेक दिवस ऊन-वाऱ्यात मोकळी टांगावीत व मग धुवावीत. तरीही किंचित वास उरल्यास ती बालकासाठी वापरूच नयेत. अशी वस्त्रे वापरलेल्या नवजात बालकास कावीळ वा पांडुता दिसल्यास, किंवा मूत्र गडद रंगाचे झाल्यास, विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

परीक्षा व धूपन

वाळलेल्या वस्त्राचा एक कोपरा गरम पाण्याने ओलसर करून हुंगावा. वास परत आला तर प्रक्षालन अपुरे आहे. सतत हुंगणाऱ्याच्या नाकास वास जाणवेनासा होतो, म्हणून परीक्षा दुसऱ्याकडून करवावी. वस्त्र निर्गंध व कोरडे झाल्यावरच धूपन करावे, तेही बालक व सूतिका त्या खोलीत नसताना. नंतर वस्त्र मोकळ्या हवेत झटकावे. धूर श्वासमार्गास त्रासदायक आहे, आणि बंद खोलीतील निखाऱ्यांचा वायू प्राणघातक ठरू शकतो.

औषधालयचालकांनी धूपनचूर्णाच्या पुडीवर ‘धुतलेल्या व पूर्ण वाळलेल्या वस्त्रासाठी’ एवढी सूचना छापावी, आणि वैद्यांनी सूतिकेस पथ्य सांगताना बाळाची दुपटी कोणत्या पेटीतून काढली, हेही विचारावे.