चांदणीचं फळ : कुणी खावं, कुणी खाऊ नये?

शाळा सुटली की फाटकाबाहेरच्या हातगाडीवर तुमची झुंबड उडते ना? बोरं, आवळे, चिंचा आणि त्यांच्या शेजारी पाच धारांचं एक पिवळसर हिरवं फळ. आडवं कापलं की चकती थेट चांदणीसारखी! वर तिखटमीठ भुरभुरलं की तोंडाला पाणी सुटलंच. हेच ते करंबळ. कुणी कमरख म्हणतं, कुणी सरळ 'स्टारफ्रूट'.

याच्या नावाची एक गंमत आहे. इंग्रजीत याला 'कॅरॅम्बोला' म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आणि पोर्तुगिजांनी तो बहुधा आपल्या मराठी 'करंबळ'वरूनच घेतला, असं शब्दकोश सांगतात! गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यातही हे फळ भेटतं.

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. तुमच्या आजोबांची मूत्रपिंडं म्हणजे किडन्या अधू झाल्या आहेत. डायलिसिससाठी त्यांना पुण्याला न्यावं लागतं. तुम्ही प्रेमानं दोन चकत्या त्यांच्यासाठी राखून ठेवता आणि घरी येऊन म्हणता, "आजोबा, हा तुमचा वाटा!"

थांबा! तो वाटा आजोबांना मुळीच देऊ नका.

का बरं? आपल्या किडन्या रक्तातली घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. करंबळात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. शेताच्या ओलसर बांधावर उगवणारी आंबट पानांची आंबुशी चाखलीय ना? करंबळ तिच्याच कुळातलं. शिवाय या फळात 'कॅरॅम्बॉक्सिन' नावाचं एक विष असतं. ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी ते २०१३ साली ओळखलं. निरोगी माणसाच्या किडन्या ते बाहेर टाकतात. अधू किडन्यांना ते जमत नाही. मग विष रक्तात साचतं आणि मेंदूवर घाला घालतं. आधी उचकी लागते, ती थांबतच नाही. मग उलट्या, भ्रम, झटके. माणूस दगावूही शकतो. त्यासाठी टोपलीभर फळं लागत नाहीत, एखादं फळही पुरतं!

असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ क्रमांकाला फोन करा, रुग्णाला दवाखान्यात न्या आणि 'करंबळ खाल्लंय' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर डायलिसिस झालं तर जीव वाचू शकतो.

मग आपण खायचंच नाही का? तब्येत ठणठणीत असेल तर खा की! 'क' जीवनसत्त्व मिळतं. पण एका वेळी एखादं फळ पुरे. उपाशीपोटी ग्लासभर रस पिऊ नका. त्यानं धडधाकट माणसाच्या किडन्याही बिघडल्याची उदाहरणं आहेत. केरळात करंबळाच्या भावंडाचा, बिलिंबीचा, रस पिऊन असंच घडल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. खाल्ल्यावर चूळ भरा, आंबटपणानं दातांचं कवच झिजतं.

पालकांनो, मधुमेह आणि रक्तदाब यांमुळे किडन्या हळूहळू बिघडतात आणि पुष्कळदा ते कळतही नाही. असा आजार असलेल्यांनी, किंवा रोज औषधं घेणाऱ्यांनी, करंबळ खाण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आता झाड लावूया. बी फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत निकामी होतं. म्हणून ताज्या बीवरचा बुळबुळीत गर धुऊन लगेच पिशवीत पेरा. रोपाला फळं यायला चार-पाच वर्षं लागतात. कलम लावलं तर लवकर येतात.

शिरूर-दौंडकडे पाऊस कमी आणि ऊन कडक. रोपाला पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली करा, बुंध्याशी पाचटाचं आच्छादन घाला. वाऱ्याचा मारा याला सोसत नाही, म्हणून घराच्या आडोशाची जागा निवडा. घोडनदी आणि भीमेच्या काठी कालव्याच्या पाण्यानं काही जमिनी खारवट, चोपण झाल्या आहेत. तिथे हे झाड तग धरत नाही. पाणी साचणारी जागाही नको. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात, तिथे खड्ड्यात शेणखत भरपूर घाला.

फळं खूप आली तर लोणचं घाला. घट्ट, हिरवी अर्धा किलो फळं धुऊन कोरडी करा. धारांच्या कडा तासून, बिया काढून मोठ्यांकडून चकत्या करून घ्या. त्यांना ५० ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद लावून एक दिवस ठेवा. सुटलेलं पाणी काढा. मोहरीची डाळ, तिखट, गूळ घाला. हिंगाची फोडणी पूर्ण गार करून ओता. काचेची किंवा चिनी मातीची कोरडी बरणी घ्या. तांब्या-पितळेचं भांडं नको, आंबटानं ते कळकतं. पिकल्या फळांच्या चकत्या पातळ फडक्याखाली उन्हात खडखडीत वाळवल्या तरी टिकतात.

पण लक्षात ठेवा, लोणचं घाला, वाळवा नाहीतर शिजवा, किडनीच्या रुग्णाला ते चालत नाही. म्हणून बरणीवर चिठ्ठी चिकटवा : 'करंबळ. किडनीचा आजार असणाऱ्यांनी खाऊ नये.' शेजारी वाटी देतानाही आधी विचारा.

आणि आजोबांचा वाटा? संध्याकाळी त्यांना झाडाजवळ खुर्ची टाकून द्या. दिवस मावळला की करंबळाची पानं चिंचेसारखी हळूहळू मिटतात. आधी कुणाला दिसतं ते दोघं मिळून पाहा!