फ्रान्सचें आजचें आरमार

फ्रान्स म्हटलें म्हणजे पॅरिस शहर, द्राक्षांचे मळे आणि नेपोलियनच्या मोहिमा आपल्या डोळ्यांपुढें येतात. आरमाराची आठवण सहसा होत नाहीं. परंतु नकाशा नीट पाहिला तर निराळें चित्र दिसतें. हिंदी महासागरांतील रेयुनियाँ, प्रशांत महासागरांतील ताहिती व न्यू कॅलेडोनिया, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील गियाना हे सर्व प्रदेश आजहि फ्रान्सकडे आहेत. त्यामुळें ज्या समुद्रावर फ्रान्सचा आर्थिक हक्क चालतो, तो एक कोटि चौरस किलोमीटरांहून अधिक भरतो. एवढ्या पाण्याची राखण सुमारें ४० हजार माणसांच्या आरमाराला करावी लागते.

या आरमाराचीं मुख्य ठाणीं दोन : अटलांटिककडे ब्रेस्ट व भूमध्य समुद्रावर तूलाँ. २७ नोव्हेंबर १९४२ रोजीं जर्मन फौजा तूलाँ येथें घुसल्या, तेव्हां आपलीं जहाजें त्यांच्या हातीं पडूं नयेत म्हणून फ्रेंच नाविकांनीं सत्तरांहून अधिक नौका आपल्याच हातांनीं बुडविल्या. पुढचें आरमार युद्धानंतर हळूहळू नव्यानें उभारावें लागलें.

त्याच तूलाँ बंदरांत आज 'शार्ल द गोल' हें विमानवाहू जहाज असतें. तें २००१ सालीं सेवेंत दाखल झालें. त्याची लांबी २६१ मीटर, वजन ४२ हजार टनांच्या घरांत, आणि तें चालतें दोन अणुभट्ट्यांवर. ७५ मीटर लांबीची वाफेची यंत्रणा गोफणींतून दगड सुटावा तशीं राफाल विमानें आकाशांत फेकते. परंतु या जहाजाची मोठी उणीव ही कीं, तें एकटें आहे. पूर्वीं 'क्लेमांसो' व 'फॉश' अशीं दोन जहाजें होतीं. एक दुरुस्तींत असलें तरी दुसरें हाताशीं असे. २०१७ सालीं 'शार्ल द गोल' मोठ्या दुरुस्तीसाठीं गोदींत शिरलें, तेव्हां वर्षाहून अधिक काळ फ्रान्सला विमानवाहू जहाजच उरलें नाहीं. २०३८ च्या सुमारास याहून पुष्कळच मोठें नवें जहाज यावयाचें आहे, पण तें जुन्याच्या जागीं. म्हणजे संख्या पुन्हां एकच.

रक्षणासाठीं फ्रिगेट जातीचीं जहाजें असतात. त्यांतील 'अक्वितेन' वर्गाचीं आठ जहाजें पाणबुड्यांचा माग काढण्यांत वाकबगार आहेत. हेलिकॉप्टरें व सैनिक वाहून नेणारीं आणखी तीन मोठीं जहाजें असून त्यांवर इस्पितळहि असतें. त्यांपैकीं 'दिक्स्मूद' हें जहाज २०२३ च्या अखेरीस इजिप्तच्या अल अरिश बंदरांत राहून गाझांतील जखमींवर उपचार करीत होतें.

तथापि या आरमाराचा गाभा डोळ्यांना दिसत नाहीं. ब्रेस्टजवळच्या ईल लाँग तळावर अणुशक्तीवर चालणाऱ्या चार पाणबुड्या आहेत. प्रत्येकीवर अण्वस्त्रें वाहणारीं १६ क्षेपणास्त्रें बसतात. १९७२ पासून अशी निदान एक पाणबुडी सतत समुद्रांत असावी असा दंडक आहे. मग चार कशाला? एक समुद्रांत, एक निघण्याच्या तयारींत, एक परतलेली आणि एक दीर्घ दुरुस्तींत, असा हा हिशेब आहे. पाणबुडी थांबत नाहीं. थकतात तीं माणसें. म्हणून प्रत्येक पाणबुडीला सुमारें ११० माणसांचे दोन संच दिलेले असून ते आळीपाळीनें जातात.

फेरी सुमारें सत्तर दिवसांची. तेवढ्या काळांत घरच्यांनीं पाठविलेल्या चार ओळी खलाशाला मिळतात. उत्तर मात्र धाडतां येत नाहीं, कारण उत्तरानें पाणबुडीचा ठावठिकाणा कळेल. घरीं कोणी दगावलें तर ती वार्ताहि परतीपर्यंत राखून ठेवितात. मागें फिरतां येत नसतां दुःख सांगून काय साधणार, असा त्यामागील विचार.

फ्रेंच पाणबुडीविद्येचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आला आहे. माझगांव गोदींत 'स्कॉर्पीन' या फ्रेंच आराखड्यावर सहा पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्या डिझेल व विजेवर चालतात. त्यांतील २०१९ सालीं दाखल झालेल्या एकीचें नांव 'खांदेरी'. शिवछत्रपतींनीं अलिबागसमोर वसविलेल्या जलदुर्गाचें हें नांव.

तोफा डागून मिळविलेला विजय मोजतां येतो. ब्रेस्टच्या त्या पाणबुड्यांचें यश मात्र त्यांचीं अस्त्रें कधींहि सुटूं नयेत यांतच आहे, आणि त्या न घडणाऱ्या गोष्टीसाठीं शंभरावर कुटुंबें दरवेळीं दोन महिन्यांहून अधिक काळ उत्तराची वाट न पाहतां पत्रें लिहीत असतात.