पावणेसात तासांची मुंबई

पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन वेळापत्रकाप्रमाणे दहा वाजून पंचवीस मिनिटांनी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर पोहोचते. सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी ती तिथूनच परत निघते. मध्ये पावणेसात तास उरतात. मित्रांच्या एखाद्या गटाने या गाडीने जाऊन एका दिवसात मुंबई पाहून यायचे ठरवले, तर त्यांच्या वाट्याला येणारी मुंबई एवढीच असते.

हे तास फुकटचे नसतात. महिन्याच्या पगारावर असलेल्याची एक रजा खर्ची पडते. रोजंदारीवर असलेल्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि परतीची गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसाचीही. शिवाय प्रत्येकाने काढलेली वर्गणी असते. म्हणून अशा सहलीचा बेत करताना 'काय काय पाहायचे' यापेक्षा 'काय सोडायचे' हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तो सोपा नसतो. पाच मित्रांच्या मनांत पाच मुंबया असतात. एकाला जुहूची चौपाटी पाहायची असते, दुसऱ्याला राणीची बाग, तिसऱ्याला सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायचे असते, चौथ्याने घारापुरीच्या लेण्यांचे चित्र कुठेतरी पाहिलेले असते. पाचवा काहीही चालेल असे म्हणतो आणि ऐन वेळी सर्वांत अधिक कुरकुरतो.

हिशेब केला म्हणजे यांतील बहुतेक बेत आपोआप गळतात. घारापुरीला जाणारी होडी एका वाटेला सुमारे एक तास घेते; सोमवारी लेणी बंद असतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्याही थांबतात. जुहू शहराच्या उत्तरेला आहे. लोकल आणि पुढे बस किंवा रिक्षा असा जाण्यायेण्याचा प्रवासच दोन-अडीच तास खातो. या साऱ्याचे कारण मुंबईच्या आकारात आहे. सात बेटे भराव घालून जोडत हे शहर घडले. ते लांबट आणि अरुंद आहे. जुन्या कचेऱ्या, बँका, न्यायालये दक्षिण टोकाला आणि वस्ती मुख्यतः उत्तरेकडे पसरलेली. त्यामुळे सकाळी लोंढा दक्षिणेकडे वाहतो, सायंकाळी उत्तरेकडे. एका दिवसाच्या पाहुण्याने या लांबीच्या वाटेला न जाता दक्षिण टोकावरच थांबावे, हे शहाणपणाचे. स्थानकापासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचे अंतर जेमतेम अडीच किलोमीटर आहे, आणि पावणेसात तास त्यालाही कसेबसे पुरतात.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. आरंभी तिला वरच्या वर्गांचेच डबे होते. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना तिच्यात जागा मिळाली ती १९५५ मध्ये. आज तिच्यातून रोज ये-जा करणारा नोकरदार वर्ग मोठा आहे. पासधारकांसाठी तिच्यात वेगळे डबे असतात. नवखा प्रवासी घाईत अशा डब्यात शिरतो, खिडकीजवळ बसतो आणि थोड्याच वेळात त्याला उठावे लागते. डब्यावरची पाटी वाचण्यास काही क्षण पुरतात. ती न वाचल्यास एकशे ब्याण्णव किलोमीटर उभ्याने जावे लागते. मुंबईच्या सहलीत पाट्या वाचण्याचा हा पहिला धडा पुण्याच्या फलाटावरच मिळतो.

मुंबईत उतरल्यावर दुसरी गंमत होते. हे स्थानक जगप्रसिद्ध आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळात ते बांधले गेले आणि २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. परंतु लांब पल्ल्याच्या गाड्या ज्या फलाटांवर येतात, ते पूर्वेच्या बाजूस आहेत. तिकडूनच बाहेर पडणाऱ्यास ती भव्य वास्तू दिसतही नाही. ती पाहायची तर पश्चिमेकडे, लोकलच्या फलाटांकडे यावे लागते आणि भुयारी मार्गाने रस्ता ओलांडून महानगरपालिकेच्या बाजूस उभे राहावे लागते. तिथून घुमट, त्यावरील प्रगतीची मूर्ती, भिंतींतून डोकावणारे दगडी पशुपक्षी आणि प्रवेशद्वारावरील सिंह व वाघ स्पष्ट दिसतात. सिंह ब्रिटनचे प्रतीक, वाघ भारताचे. नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. पाठीमागे असलेली महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ मध्ये पूर्ण झालेली. याच परिसरातून १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी प्रवाशांची पहिली गाडी धावली होती.

या स्थानकाचे नाव पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरे असते. व्हिक्टोरिया टर्मिनसचे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला; तरीही टॅक्सीवाला 'व्हीटी' म्हणतो आणि लोकलमधला प्रवासी 'सीएसटी'. मुंबईत नावांचा हा घोळ पावलोपावली भेटतो. 'फोर्ट' या भागात किल्ला नाही. त्याचे तट १८६० च्या दशकात पाडले गेले. त्याच तटाला एक दरवाजा होता, त्यातून सेंट थॉमस चर्चकडे वाट जाई. दरवाजा गेला, चर्चगेट हे नाव स्थानकाच्या रूपाने उरले. 'काळा घोडा' या चौकातील सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला गेला. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे त्या चौकात घोडा नव्हता, पण पत्ता सांगताना सारे जण काळा घोडाच म्हणत होते; २०१७ मध्ये तिथे स्वाराविना एक नवा काळा घोडा उभारण्यात आला. 'फ्लोरा फाउंटन' म्हणजेच हुतात्मा चौक हे ठाऊक नसलेला माणूस चौकात उभा राहूनच चौकाचा पत्ता विचारतो. म्हणून मुंबईत पत्ता विचारताना पाटीवरचे नाव आणि जुने नाव अशी दोन्ही नावे सांगणे सोयीचे पडते.

हुतात्मा चौकात मात्र नावाच्या गमतीपलीकडे काही आहे. भाषावार प्रांतरचनेच्या काळात मुंबई मराठी भाषकांच्या राज्यात असावी यासाठी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. चळवळीत शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत गिरणी कामगारांसारखे कष्टकरी मोठ्या संख्येने होते. १ मे १९६० रोजी मुंबई ही राजधानी असलेले महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. कारंज्याजवळच्या स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार दिसतात. सहलीला आलेले मित्र बहुधा कारंज्यापुढे छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. स्मारकापाशी दोन मिनिटे थांबल्याने त्यांचे घड्याळ फारसे बिघडणार नाही.

अकरा-साडेअकराच्या सुमारास चर्चगेटकडील रस्त्यांवर डब्यांनी भरलेल्या हातगाड्या आणि सायकली दिसू लागतात. १८९० च्या सुमारास सुरू झालेली मुंबईच्या डबेवाल्यांची ही व्यवस्था. तिच्यातील बरीच माणसे मावळ, मुळशी, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेली. म्हणजे पुण्याहून आलेल्या मित्रांची शेजारीच. डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि अंक यांची खूण असते. डबा कोणत्या स्थानकावर गाडीत चढवला, कुठे उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सारे त्या चार-सहा चिन्हांत सामावलेले असते. शाळेत फारसे न गेलेल्या माणसांनीही ही लिपी पिढ्यानपिढ्या चालवली. कोरोनाच्या साथीनंतर घरून काम करणारे वाढले आणि डबेवाल्यांची संख्या रोडावली, पण खुणा त्याच राहिल्या आहेत.

शहरही असेच खुणांनी बोलते, विशेषतः लोकलच्या फलाटावर. तिथल्या दर्शकावर शेवटच्या स्थानकाचे पूर्ण नाव असेलच असे नाही. अनेकदा एक-दोन अक्षरे असतात. शेजारी गाडी सुटण्याची वेळ, ती जलद की धीमी आणि तिला किती डबे आहेत याची नोंद असते. जलद गाडी मधली बरीच स्थानके सोडते. हे न कळल्याने आपले स्थानक डोळ्यांदेखत मागे जाताना पाहण्याची पाळी नवख्यावर येते. महिलांच्या डब्यावर स्त्रीचे चित्र असते. गटात मित्र आणि मैत्रिणी दोघेही असतील, तर चढण्यापूर्वीच उतरण्याचे स्थानक ठरवून घ्यावे लागते, कारण गर्दीत डबे वेगळे झाल्यावर सांगणे अशक्य होते. बेस्टच्या बसगाड्यांवर दर्शनी बाजूस क्रमांक देवनागरी अंकांत लिहिण्याची जुनी प्रथा आहे. आता विद्युत फलकांवर मराठी आणि इंग्रजी आळीपाळीने उमटतात. केवळ इंग्रजी अंक शिकलेला परप्रांतीय पाहुणा देवनागरी एकाला नऊ समजतो आणि भलत्याच बसमध्ये बसतो.

चुकामूक टाळायची तर भेटण्याची जागाही नेमकी ठरवावी लागते. दादरचे उदाहरण बोलके आहे. तिथे पश्चिम आणि मध्य अशा दोन रेल्वे शेजारी शेजारी आहेत आणि दोघींच्या फलाटांचे क्रमांक एकपासून सुरू होत असत. 'दादरला फलाट क्रमांक एकवर भेटू' असे ठरवलेले दोघे जण दोन वेगळ्या फलाटांवर एकमेकांची वाट पाहत आणि एकमेकांना दोष देत. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे क्रमांक देण्यात आले, तेव्हा कुठे हा घोटाळा संपला.

हुतात्मा चौकातून विद्यापीठाच्या बाजूने जाताना राजाबाई मनोरा दिसतो. प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा धर्मनियम पाळणाऱ्या त्या माउलीला दृष्टी अधू झाल्याने टोल्यांवरून वेळ कळावी म्हणून हा मनोरा बांधला, असे सांगतात. कथा खरी असो वा नसो, परतीच्या गाडीवर मन ठेवून फिरणाऱ्या माणसाला ती पटते. या मनोऱ्याखाली बहुतेक गटांत एकदा तरी वाद होतो. जेवायचे आधी की पाहायचे आधी? उभ्याने वडापाव खाल्ला तर पंधरा मिनिटांत आटोपते आणि पैसेही वाचतात. एखाद्या जुन्या इराणी हॉटेलात बसले तर बनमस्का, चहा आणि संगमरवरी टेबलांवरचा निवांतपणा मिळतो. पण निवांतपणाला वेळ लागतो, आणि अशी हॉटेले आता थोडीच उरली आहेत. बसण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. दमलेल्या पायांनी संग्रहालय पाहणे म्हणजे दालने मोजणे.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बाबतीत हीच अडचण होते. १९२२ मध्ये लोकांसाठी उघडलेले हे संग्रहालय नीट पाहण्यास अख्खा दिवस हवा. दीड तास हाताशी असेल तर शिल्पांचे एखादे दालन निवडावे आणि बाकीची निःशंकपणे सोडावीत.

तिथून गेटवे ऑफ इंडिया काही मिनिटांच्या अंतरावर आहे. संग्रहालय आणि गेटवे या दोन्हींचे वास्तुशिल्पकार जॉर्ज विटेट. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईला उतरले, तेव्हा ही कमान उभी नव्हती. त्यांना पाहायला मिळाला तो पुठ्ठ्याचा नमुना. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि बांधकाम १९२४ मध्ये संपले. राजाच्या स्वागताची आठवण म्हणून बांधलेल्या या सव्वीस मीटर उंचीच्या कमानीतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी भारत सोडून गेली. ज्याला समुद्र आजवर दिसलेला नसतो, असा एखादा मित्र गटात असतोच. इथे तो कठड्याला टेकून उभा राहतो आणि हाका मारूनही लवकर हलत नाही. त्याला घाई करणे इतरांना जड जाते. चार वाजून गेलेले असतात.

परतीसाठी अर्धा तास चालण्याचा आणि तेवढाच गर्दीचा धरावा लागतो. २०२५ पासून हुतात्मा चौक आणि टर्मिनस ही दोन्ही ठिकाणे भुयारी मेट्रोनेही जोडली गेली आहेत, मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने तिच्या जिन्यांना आणि दरवाजांना लागणारा वेळ विसरू नये. या सुमारास कचेऱ्या सुटू लागतात. सकाळी शहरात शिरलेला लोंढा उलट फिरतो आणि मित्रांची टोळी त्याच्याच ओघात स्थानकाकडे ढकलली जाते. या वेळी त्यांना फलाटाचा क्रमांक विचारावा लागत नाही. दर्शकावर ते स्वतःच शोधतात.

गाडी सुटल्यावर जमाखर्चाचा कागद निघतो. ज्याच्याकडे पैसे सोपवलेले असतात, तो एकेक रक्कम वाचतो: बस, संग्रहालयाचे तिकीट, चहा, पुन्हा चहा. ज्याची मजुरी बुडाली आहे, त्याचा वाटा थोडा कमी लावण्याची सूचना कोणीतरी करते. तो नको म्हणतो. पुढे बोरघाट असतो. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या या लोहमार्गाला वीसहून अधिक बोगदे आहेत आणि चढण काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतकी तीव्र आहे. म्हणून घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडतात. या थांब्यामुळेच कर्जतचा बटाटावडा प्रसिद्ध झाला. खिडकीतून गरम वड्यांचा पुडा आत येतो, कागदावर शेवटची रक्कम चढते, आणि मागून इंजिनाचा धक्का बसून गाडी घाटाला लागते.