पिल्लू दमलेलं नसतं

अंड्याला तडा गेला, आतून चिवचिव ऐकू आली आणि मग पाच-सहा तास काहीच हललं नाही, की घरोघरी एकच निदान होतं: "दमलंय हो बिचारं, अडकलंय. जरा कवच काढून द्या." थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून किंवा ऑनलाइन मागवलेल्या छोट्या इन्क्युबेटरात अंडी उबवणारे हौशी लोक हल्ली वाढलेत आणि त्यांच्याबरोबर हे निदानही वाढलंय. त्यामागची माया खरी आहे, पण निदान साफ चुकीचं आहे. तड्यानंतर गप्प बसलेलं पिल्लू बहुतेक वेळा दमलेलं नसतं आणि अडकलेलंही नसतं. त्याचं काम चालू असतं, फक्त ते बाहेरून दिसत नाही.

कोंबडीचं अंडं २१ दिवसांचं. त्यातले एकोणीस-वीस दिवस पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेतच नाही. कवचाच्या आतल्या अंगाला रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि कवचाच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून येणारा प्राणवायू ते जाळं शोषून घेतं. शेवटाकडे पिल्लू अंड्याच्या बोथट टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. पोकळी लहान, हवा थोडी. तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वाढू लागला की मानेमागचा खास स्नायू आचके देतो आणि चोचीवरचा पांढरा टणक कण कवचावर आपटतो. (हा कण पुढे काही दिवसांत आपोआप गळतो. तो काहीतरी चिकटलंय म्हणून ओरबाडून काढणारे महाभागही आहेत.) कवचाला तडा जातो, बाहेरची हवा मिळते आणि पिल्लू थांबतं.

त्याची दोन कामं अजून उरलेली असतात. पडद्यावरच्या जाळ्यातलं रक्त शरीरात परत ओढून घ्यायचं आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घ्यायचा. याला साधारण बारा ते चोवीस तास लागतात. हे उरकलं की पिल्लू आतल्या आत हळूहळू फिरत कवचाला गोलाकार चीर पाडतं, पायांनी रेटा देतं आणि बोथट टोकाची टोपी उडवतं. हा शेवटचा भाग कधी अर्ध्या तासात होतो, कधी काही तास घेतो. हे कुणा अनुभवी काकांचं ऐकीव शास्त्र नाही. व्हिक्टर हॅम्बर्गर आणि रोनाल्ड ओपनहाइम यांनी १९६७ साली पिल्लाच्या या हालचाली टप्प्याटप्प्याने नोंदवून प्रसिद्ध केल्या आहेत.

आता पाचव्या तासाला आपण नखाने कवच सोलायला घेतो तेव्हा काय होतं ते बघा. कवचाचा टवका निघतो, खाली पांढरा पडदा दिसतो आणि त्यावर केसाएवढ्या लाल रेषा. रेषा कशाच्या हे कळायच्या आत नख लागतं आणि टाचणीच्या डोक्याएवढा रक्ताचा थेंब वर येतो. आपल्याला तो एवढासा वाटतो, पण त्या जिवाच्या अंगातलं सगळं रक्त चहाचा एक चमचाही भरणार नाही. त्यातूनही बाहेर निघालंच, तर बलक अर्धवट पोटात, अर्धवट बेंबीबाहेर लोंबतो, त्यात जंतू शिरतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू मान टाकतं. मग घरात ठरतं, "मुळातच अशक्त होतं, म्हणून तर बाहेर येत नव्हतं!" म्हणजे मारणारे आपण आणि दोष पिल्लाचा.

आपल्याकडे खरं तर हे कुणाला सांगायला लागू नये. महाभारताच्या आदिपर्वात विनतेने नेमकं हेच केलंय. कद्रूची हजार पोरं अंड्यांतून बाहेर आली, आपली दोन अंडी तशीच, म्हणून तिने धीर सोडून एक फोडलं. आत अरुण होता, कमरेवर पूर्ण आणि कमरेखाली अपुरा. त्याने आईला शाप दिला आणि दुसऱ्या अंड्याला मुदत संपेपर्यंत हात लावू नकोस, असंही बजावलं. तिने ऐकलं, म्हणून गरुड धड जन्मला. कथा लहानपणापासून पाठ असते, पण इन्क्युबेटरसमोर बसलं की कुणाला आठवत नाही.

"आम्ही तर सोललं आणि पिल्लू मस्त जगलं!" असंही ऐकू येतं. जगलं असेल. विसाव्या-बाविसाव्या तासाला, रक्त आणि बलक आत गेल्यावर सोललं, तर ते जगतंच. ते तुम्ही हात लावला नसता तरी तासाभराने बाहेर आलं असतं.

याहून चीड येते ती झाकणाची. पिल्लू अडकलंय का, हे बघायला दर अर्ध्या तासाने झाकण उघडायचं. शेवटचे तीन दिवस पेटीत ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी. झाकण उघडलं की दमट हवा बाहेर जाते आणि तडा गेलेल्या अंड्यातला ओला पडदा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो. मग ते खरोखरच अडकतं आणि "बघा, म्हटलं नव्हतं?" म्हणायला आपण मोकळे. खुडूक कोंबडी शेवटच्या दिवसांत अंड्यांवरून जवळजवळ हलत नाही. ती कवचही सोलत नाही. ती मदत करते असं पाहिल्याचं जे सांगतात, त्यांनी बहुधा तिला रिकामी टरफलं टोचताना पाहिलेलं असतं.

दुसऱ्या टोकाला व्हॉट्सअॅपवरचे तत्त्वज्ञ आहेत. त्यांच्या मते धडपडीतूनच पिल्लाला बळ येतं, म्हणून मरत असलं तरी हात लावायचा नाही. यशस्वी उद्योजकांच्या भाषणांत हे छान शोभतं. पण पिल्लाचा प्रश्न चारित्र्याचा नसून रक्ताचा, बलकाचा आणि ओलाव्याचा आहे. तापमान किंवा आर्द्रता बिघडल्यामुळे पडदा वाळला असेल, तर चूक यंत्राची. त्यातून सोडवलेलं पिल्लू पुढे इतरांसारखंच वाढू शकतं. पिल्लातच व्यंग असेल तर मदत केली तरी ते टिकणं कठीण, एवढंच त्या सुविचारात तथ्य.

म्हणजे मदतीची वेळ असते, फक्त ती उशिरा येते. तडा जाऊन चोवीस तास उलटले आणि पुढे काहीच नाही, किंवा चीर अर्धी फिरून कित्येक तास थांबली आणि पडदा पिवळट-तपकिरी, कागदासारखा कोरडा दिसतोय, तेव्हा. कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापसाने पडदा ओलसर करा, पण नाकपुड्यांपाशी पाणी जाऊ देऊ नका. ओला पडदा पारदर्शक होतो, वाहिन्या दिसतात. लाल रेषा दिसली की थांबा, अंडं परत आत ठेवा, काही तासांनी पुन्हा बघा. रेषा नसतील तरच तड्याभोवतीचं कवच थोडं थोडं काढत टोपी सैल करा. बाकीचं पिल्लाला करू द्या. मागचा अर्धा भाग सोलू नका, कारण बेंबी तिकडे असते.

उरलेले समज थोडक्यात. अंडं जिवंत आहे का हे बघायला कोमट पाण्यात सोडणं: बारीक तडा असेल तर पिल्लू आत बुडतं. बाहेर आल्या आल्या दाणापाणी हवं: पोटात घेतलेला बलक दोन-तीन दिवस पुरतो, म्हणून तर एका दिवसाची पिल्लं खोक्यातून गावोगाव पाठवता येतात. विजा कडाडल्या की अंडी नासतात, म्हणून शेजारी लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवावा: खिळ्याने काही बिघडत नाही, घडतही नाही. टोकदार अंड्यात कोंबडा: एकच कोंबडी एकाच ठेवणीची अंडी घालते आणि त्यांतून नर-मादी दोन्ही निघतात. पिल्लं आतून एकमेकांशी बोलतात, हे मात्र गंमत म्हणून सोडून देऊ नका. केंब्रिजमध्ये मार्गारेट व्हिन्स यांनी १९६०च्या दशकात लावा पक्ष्याच्या अंड्यांवर दाखवलं, की आतल्या टकटक आवाजाने शेजारची अंडी आपली वेळ जुळवून घेतात.

एकविसावा दिवस उलटला म्हणून अंडी लगेच फेकू नका. तापमान किंचित कमी राहिलं असेल तर एक-दोन दिवस उशीर होतो. तेविसाव्या दिवशीही न उघडलेली अंडी मात्र घराबाहेर नेऊन फोडा. पूर्ण वाढलेलं पिल्लू कोरड्या पडद्यात चिकटलेलं असेल तर पाणी कमी पडलं, अंगावर चिकट द्रव साचलेला असेल तर दमटपणा जास्त झाला, डोकं निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडी ठेवताना उलटी ठेवली होती का ते तपासा. सापडेल ते वहीत लिहा आणि पुढची अंडी लावण्याआधी वाचा.